आधी हातावर टाका

“आधी हातावर टाका.”

आमच्या कॉलेजच्या जनरेटर शेडमध्ये काहीही घेऊन गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. डिझेलचा कॅन घेऊन आलेला शिपाई असो की ऑइलची बाटली घेऊन आलेला दुकानदार, मामा आधी उजवा तळहात खोलगट करून पुढे करायचे. त्यावर चार थेंब पडले की अंगठ्याने चोळायचे, हुंगायचे, उजेडात धरून बघायचे आणि मगच टाकीचं झाकण उघडायचे. सवय इतकी मुरलेली, की कँटीनचा चहासुद्धा आधी थोडा हातावर घेत. चहा हातावर घेऊन काय कळतं, असं मी एकदा वैतागून विचारलं. ते म्हणाले, “पाणी किती घातलंय ते कळतं, म्याडम.”

मामा म्हणजे लातूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जनरेटर चालवणारा माणूस. नाव त्यांना होतं, पण मुलं मामा म्हणायची म्हणून मीही मामाच म्हणायला लागले. मी नांदेडची. एम.एस्सी. करून अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवायला इथे आले होते. अकरा महिने मॅडम, बाराव्या महिन्यात कुणीच नाही, मग पुन्हा मॅडम. माझं डोकं त्या दिवसांत कायम तापलेलं असे आणि त्याला वीजही कारण होती. लोडशेडिंगचे दिवस होते. प्रयोग ऐन रंगात आला, की पंखे बंद, हीटर बंद. मी खिडकीतून ओरडायचे, “मामा!” मग दोन मिनिटांनी धड्‌, धड्‌, धड्‌ असा आवाज यायचा आणि दिवे लागायचे. मामा ती दोन मिनिटं काय करत असत हे मी एकदा जाऊन पाहिलं. इंजिनावर हात ठेवून नुसते उभे होते. झोपलेल्या माणसाला एकदम उठवू नये म्हणाले.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं यंत्र आणि तो वेगळे काढता येत नाहीत. मामांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. ते कॉलेजात इंजिनाबरोबर आले होते.

ते किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. भूकंपात गाव गेलं, घर गेलं, घरातली माणसं गेली. किती आणि कोण, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उरलेल्यांना पत्र्यांच्या शेडमध्ये ठेवलं होतं. तिथे कुणीतरी मदत म्हणून हे इंजिन पाठवलं, बोअरचं पाणी उपसायला आणि संध्याकाळी दोन-चार दिवे लावायला. मामांना आधी उसाच्या गुऱ्हाळावरचं इंजिन चालवायची सवय होती, म्हणून ते त्यांच्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात डिझेलमध्ये कुणीतरी रॉकेल मिसळलं आणि इंजिन बसलं. दोन दिवस सगळ्या वस्तीला पाणी नव्हतं. आपत्तीतही माणूस भेसळ करतो, हे तिथे कळलं म्हणून मामांनी हात पुढे करायला सुरुवात केली.

पुढे पक्की घरं झाली, वीज आली. इंजिन नको झालं तेव्हा आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी ते नव्या कॉलेजसाठी मागून आणलं. टेंपोतून इंजिन उतरवलं तेव्हा त्याच्यामागून मामाही उतरले. चालवणार कोण, असा प्रश्न होताच. त्यांना ठेवून घेतलं.

मी रुजू झाले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. इंजिनाचा हिरवा रंग हाताच्या जागी उडाला होता आणि ऑफिसात नव्या जनरेटरची बोलणी सुरू होती. नवा जनरेटर बंद पेटीतला, आवाज न करणारा आणि वीज गेली की आपोआप सुरू होणारा. म्हणजे हँडल मारायला माणूस नको. हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही. जुनं इंजिन डिझेल फार पितं, एवढं एकच कारण ऑफिसकडे होतं, पण ते खरं होतं. मामा त्यावर एवढंच म्हणायचे, “पितंय, पर लाइट देतंय की.”

त्याच वर्षी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांच्या डोक्यात बायोडिझेल शिरलं. त्यांचा म्होरक्या शिवकांत, लातूरजवळच्या मुरुडचा. त्याच्या वडिलांचं तिथे फरसाणाचं दुकान होतं, त्यामुळे तळून तळून काळं झालेल्या तेलाचं काय करायचं, हा प्रश्न त्याने लहानपणापासून पाहिलेला. मुलं माझ्याकडे आली कारण रसायनं माझ्या कपाटात होती. कृती तशी सोपी. तेल गाळून तापवायचं, स्पिरिटात कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात घालायचं, घुसळायचं आणि ठेवून द्यायचं. खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं, वर पिवळं इंधन राहतं. ते धुवायचं, पुन्हा तापवून पाणी घालवायचं. झालं.

झालं कसलं! लातूरमध्ये तेलाला तोटा नव्हता. दहावी-बारावीच्या क्लासेससाठी गावोगावची पोरं आमच्या शहरात येऊन पडली होती. गल्लीगल्लीत मेस, प्रत्येक मेसमध्ये कढई आणि प्रत्येक कढईत आठवडाभराचं तेल. मराठवाड्यातल्या भावी डॉक्टरांच्या पुऱ्या ज्यात तळल्या जात होत्या ते तेल पाहिलं असतंत, तर तुम्ही डॉक्टरकडेच गेला असतात. पण मागायला गेलं की मेसवाल्यांना ते लाखमोलाचं वाटायचं. कुणी म्हणे, अजून एक घाणा निघेल. कुणी म्हणे, तुम्ही नेऊन परत विकणार. मी मॅडम आहे, हे कॉलेजचं काम आहे, असं दारोदार सांगत फिरताना मला माझ्या एम.एस्सी.ची कीव यायची.

मामांचा तर सुरुवातीपासून विरोध. शिवकांत पहिल्यांदा शेडमध्ये जाऊन म्हणाला, मामा, तुमचं इंजिन वड्याच्या तेलावर चालवायचंय. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “इंजिनाला उष्टं घालत नसतेत, बाळा.”

मग मी गेले. म्हटलं, मामा, नवा जनरेटर आणायचं कारण डिझेलचा खर्च आहे. हे जमलं तर तो मुद्दाच राहणार नाही. तुमचं इंजिन राहील. ‘आणि तुम्हीही’ हे मी बोलले नाही, पण ते त्यांना ऐकू गेलं असावं. बराच वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, आणा, पण आधी हातावर टाकायचं.

मुलांनी पहिला नमुना नेला तो न धुताच. मामांनी तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला. आधी हात बुळबुळीत झाला, मग चुरचुरायला लागला. इंधनात कॉस्टिक तसंच राहिलं होतं. मी धावत गेले, त्यांचा हात नळाखाली धरला आणि चौघांना फैलावर घेतलं. शिवकांतच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मामा मात्र हात पाण्याखाली धरून शांत उभे होते. “ओरडू नका लेकरांवर,” ते म्हणाले. “माझा हात हाय, बरा व्हतोय. इंजिनाच्या आत गेलं असतं तर?”

तळहाताची साल निघाली. आठ दिवस ते डाव्या हाताने हँडल मारत होते.

त्यानंतर एक चमत्कारिक अडचण आली. मुलांना मोकळा वेळ मिळे तो शनिवारी दुपारी. आणि शनिवारी तेल मागायला गेलं, की तेच मेसवाले एकदम उदार व्हायचे. शनिवारी तेल दान केलं की शनीची पीडा टळते. एका मेसवाल्या मावशीने तर डब्यातल्या काळ्या तेलात वाकून आपलं तोंड पाहिलं, वर मूठभर उडीद टाकले आणि डबा शिवकांतच्या हातात देऊन पाठ फिरवली. चार शनिवारांत डबेच डबे जमले. मला वाटलं, सुटलो.

पण मामा ते डबे शेडमध्ये घेईनात. लोकांनी आपला शनी काढून दिलाय, तो माझ्या इंजिनाजवळ ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवार उजाडला की आत घेऊ. मी डोक्याला हात लावला. रसायनशास्त्र एका बाजूला, साडेसाती दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. शेवटी डबे शनिवार-रविवार शेडच्या बाहेर भिंतीला लागून राहायचे आणि सोमवारी मुलं आत आणायची.

आणि आमचा प्रत्येक घाणा साबण व्हायला लागला. वर इंधन नाही, खाली ग्लिसरीन नाही, सगळीकडे पांढरट चिकट लगदा. तीन वेळा केलं, तीन वेळा साबण. मी पुस्तकं पाहिली, सोड्याचं प्रमाण बदललं, मुलांवर खेकसले. दोघांनी हळूहळू यायचं बंद केलं. उरलेले साबणाचे गोळे मामांनी शेडची फरशी घासायला नेले आणि फरशी स्वच्छ निघते असं मला येऊन सांगितलं. मला ते टोचून बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मामा, तुमच्या फरशीसाठी नाही करत आम्ही हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि शिवकांतला बोलावलं. इंजिन चालू होतं, सायलेन्सर तापला होता. त्यांनी एका डब्यातल्या तेलात बोट बुडवून थेंब सायलेन्सरवर टाकला. तो तडतडला. दुसऱ्या डब्यातला, तोही तडतडला. मग घरून छोट्या बाटलीत आणलेलं चांगलं तेल टाकलं. नुसता धूर निघाला, आवाज नाही.

“पाणी हाय तेलात,” मामा म्हणाले. “डबे भाईर ठिवले मी. झाकणं नीट बसत न्हाईत. गेल्या महिन्यात पाऊस झाला तवा गेलं असंल. शनी नको म्हणलं आन्‌ पाणी घेतलं.”

पाण्याने साबण होतो हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मी तेच पुस्तक शिकवत होते. तेल तापवताना मुलं घाई करत होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. पण मामांनी माझी चूक काढली नाही. शिवकांतच्या हातात प्रयोगाची नोंदवही होती, तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “लिवा त्यात. मामानं डबे भाईर ठिवाय लावले, म्हणून साबण झाला.”

शिवकांत म्हणाला, जाऊ द्या ना मामा. तर ते ऐकेनात. “लिवलं न्हाई तर म्होरच्याला कळंल कसं? त्यो बी भाईरच ठिवील.” शिवकांतने लिहिलं. मामांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि खाली सही केली. कॉलेजच्या सगळ्या नोंदवह्यांत स्वतःची चूक स्वतःच्या सहीने लिहिलेली तेवढी एकच असेल.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. प्रत्येक घाण्याचा थेंब आधी सायलेन्सरवर, मग मामांच्या हातावर. पहिल्यांदा इंजिन पूर्ण त्या तेलावर चाललं त्या दुपारी मी व्हरांड्यात होते. आवाज तोच, पण धुराला भज्यांचा वास. सगळ्या कॉलेजला अवेळी भूक लागली आणि कँटीनमध्ये गर्दी झाली. येईनासे झालेले दोघे परत आले. मामा शेडच्या दारात स्टूल टाकून बसले होते. मी गेले तर म्हणाले, मेसमधल्या पोरांचं खाल्लंय त्यानं आज, पास व्हणार. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसले.

प्राचार्य खूश झाले. त्या महिन्यात कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती. तिच्यासमोर हे इंजिन मुलांच्या तेलावर चालवून दाखवायचं ठरलं. अध्यक्षसाहेब स्वतः शेडमध्ये आले, इंजिनावर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, समितीपुढे चाललं तर नवा जनरेटर रद्द. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर इंजिनाच्या उडालेल्या रंगावर मामांनी हिरव्या रंगाचा हात फिरवला होता.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण तेव्हा नीट सांगितलं नाही.

आपल्याकडे कुठलंही काम नारळाशिवाय सुरू होत नाही. शेडला तोरण, इंजिनाला हार, समोर टेबलावर ताम्हण. ऑफिसच्या हौशी मंडळींनी कुणाच्या तरी घरून दोन सारखे पितळी तांबे आणले होते. एकात आमचं इंधन, अध्यक्षांच्या शुभहस्ते टाकीत ओतायला. दुसऱ्यात पूजेचं पाणी, त्यात हळद-कुंकू. टाकी मुलांनी आधीच अर्धी भरून ठेवली होती, तांब्याचं फक्त निमित्त.

अध्यक्षांनी पहिला तांबा उचलला आणि ओतला. टाळ्या झाल्या. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, साहेब, फ्लॅश पडला नाही, एकदा परत. अध्यक्ष हसले. पहिला तांबा रिकामा झाला होता, तो कुणीतरी उचलूनही नेला होता. त्यांनी समोर होता तो तांबा घेतला.

मामा टाकीच्या पलीकडे उभे होते. त्यांनी तळहात पुढे केला. “साहेब, आधी हातावर टाका.”

अध्यक्षांना वाटलं, म्हातारा तीर्थ मागतोय. त्यांनी कौतुकाने चार थेंब त्या हातावर सोडले आणि बाकीचा तांबा टाकीत रिकामा केला. फ्लॅश पडला. पुन्हा टाळ्या.

मामांनी हात चोळला. मग टाळ्यांतून वाट काढत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “म्याडम, पाणी गेलंय. खालचा कॉक सोडून टाकी रिकामी करतो. धा मिंटं थांबा म्हणा त्यांना.”

दहा मिनिटं. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते समितीच्या प्रमुखांकडे पाहत होते आणि प्रमुख घड्याळाकडे. त्या गर्दीत मला मोठ्याने एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, चुकून पाणी गेलं, दहा मिनिटं द्या. कुणी फाशी देणार नव्हतं. फार तर अध्यक्षांचा चेहरा उतरला असता. पण माझे अकरा महिने पुढच्या आठवड्यात संपत होते आणि नवी ऑर्डर त्याच चेहऱ्याच्या सहीने निघायची होती. प्राचार्य म्हणाले, हं, करा सुरू.

मी मामांना म्हटलं, “करा चालू, मामा. बघू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही, असं पाहिलं. मग ते वळले, इंजिनावर हात ठेवून नेहमीसारखे थोडा वेळ उभे राहिले आणि हँडल मारलं.

नळीत आधीचं इंधन होतं, त्यामुळे इंजिन सुरू झालं. धड्‌ धड्‌ सुरू झालं, बल्ब पेटले, मुलांनी शिट्ट्या मारल्या. मग आवाज अडखळला. पाणी जड, ते टाकीच्या तळाला बसतं आणि तळातूनच नळी निघते. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि बंद पडलं. मामांनी पुन्हा हँडल मारलं, पुन्हा मारलं. समितीतले एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, वड्याचं तेल ते वड्याचंच. सगळे हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, म्हातारं झालंय इंजिन, आता नवंच घेतोय आम्ही. मंडळी जेवायला निघून गेली.

जेवणं चालू असताना धड्‌ धड्‌ आवाज आला. मामांनी टाकी सोडून, नळी काढून, फुंकून, पुन्हा भरून इंजिन चालू केलं होतं. दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला असेल. सभागृहात कुणी ताटावरून मान वर केली नाही. शिवकांत माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, चालू आहे, त्यांना सांगा ना. मी म्हटलं, आता काय उपयोग. तो परत शेडकडे गेला.

अहवाल मला लिहायचा होता. फोटोग्राफरने फोटो आणून दिले होते आणि अध्यक्ष दुसरा तांबा ओततानाचा फोटो माझ्यासमोर टेबलावर होता. तांब्याच्या काठाला हळद-कुंकवाची बोटं स्पष्ट दिसत होती. शंकेला जागाच नव्हती. मी लिहिलं, ‘अनपेक्षित तांत्रिक अडचणीमुळे प्रात्यक्षिक पूर्ण होऊ शकले नाही.’

संध्याकाळी मामा प्रयोगशाळेच्या दारात आले. आत कधी यायचे नाहीत, चपला बाहेर काढून उंबऱ्यावर थांबायचे. म्हणाले, लिवलं का? मी म्हटलं, लिहिलं. वाचून दाखवा म्हणाले. मी ते वाक्य वाचलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुढे काही आहे का म्हणून.

“पाण्याचं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मामा, सगळ्यांना माहीत आहे, लिहायची काय गरज. त्याहून वाईट म्हणजे मी चिडले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय सांगायला, नोकरी माझी आहे. ज्या माणसाची नोकरी त्या वाक्याने जाणार होती त्याला मी हे म्हणाले. तुम्ही हे वाचून माझ्याविषयी जे काही मनात आणाल ते मी तेव्हापासून रोज आणत आले आहे.

मामा रागावले नाहीत. चपला पायात घालता घालता म्हणाले, “साबणाचं मी लिवाय लावलं व्हतं, म्याडम.” आणि गेले.

दिवाळीच्या सुट्टीत नवा जनरेटर आला. जुनं इंजिन भंगारवाल्याच्या टेंपोत चढवताना चार माणसं लागली. मामा तेव्हा होते असं शिपाई म्हणाला. त्यांनी टाकीतलं उरलेलं तेल डब्यात काढून ठेवलं, हाताला लागलेलं पुसलं आणि टेंपो निघाल्यावर तेही पायी फाटकाबाहेर गेले. कुठे गेले ते नक्की कुणाला सांगता आलं नाही. किल्लारीकडच्या जीपमध्ये बसताना कुणीतरी पाहिलं होतं. पुढे दोन वर्षांनी मी त्यांच्या गावी जाऊन आले. नव्या वसाहतीत सारख्या घरांच्या सारख्या ओळी, आणि ज्या घरात ते राहत ते बंद होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, मागल्या उन्हाळ्यात गेले. मी कोण म्हणून विचारलं, तर कॉलेजातली, एवढंच मला सांगता आलं.

माझी ऑर्डर निघाली. पुढे कायमही झाले. शिवकांत इंजिनिअरच्या नोकरीच्या भानगडीत पडला नाही, आता लातूरलाच क्लासेसमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. साबणाचा धडा आला की मामांची गोष्ट सांगतो म्हणे, सहीसकट. मी त्याला कधी विचारलं नाही, की तो गोष्ट तिथेच थांबवतो की पुढचंही सांगतो.

तो फोटो आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात अजून लावलेला आहे. खाली अध्यक्षांचं नाव आणि ‘बायोडिझेल प्रकल्पाचे उद्घाटन’. मध्यभागी अध्यक्ष, हातात तांबा, बाजूला हसणारी मंडळी आणि मी. चौकटीच्या उजव्या कडेने मनगटापर्यंत एक हात आत आला आहे, तळहात वर, खोलगट केलेला. साल निघालेल्या जागेचा पांढरट डाग त्यावर दिसतो. दरवर्षी पहिल्या वर्षाचं कुणीतरी पोर तिथे थांबतं आणि विचारतं, मॅडम, हा हात कुणाचा? मी म्हणते, असेल कुणीतरी तीर्थ घेणारं.

त्या प्रयोगाची नोंदवही माझ्या कपाटात आहे. काल ती काढली. मामांच्या सहीच्या पानानंतर बरीच पानं कोरी आहेत. त्यातल्या पहिल्या पानावर लिहिलं: समितीच्या दिवशी टाकीत पाणी अध्यक्षांच्या हातून गेलं. मामांनी हात पुढे केला होता. त्यांनी दहा मिनिटं मागितली होती, ती मी दिली नाहीत. खाली माझी सही केली.